कढ येऊ दे

माझ्या भावाने मला पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सोळा. प्रश्न होता, ‘पुढील स्टेशन?’

आम्ही लोकलमध्ये नव्हतो. तो बाथरूमच्या दारात टॉवेल गुंडाळून उभा होता आणि केसांतलं पाणी फरशीवर गळत होतं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. ‘डोंबिवली,’ मी वर न बघताच म्हटलं. तो चिडला. पुन्हा, जरा मोठ्याने, ‘पुढील स्टेशन?’ मग कपाटाकडे गेला, एक शर्ट ओढून काढला, माझ्या मांडीवर टाकला आणि तिसऱ्यांदा तेच. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आंघोळ झाली, आता काय? शाळा, थेरपी, की घरीच? त्याला पुढचं विचारायचं होतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एकच तयार वाक्य होतं. आठवड्यातून तीनदा डोंबिवली ते ठाणे जाताना ऐकलेलं. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे.

घरात आम्ही त्याला बाळ्या म्हणतो. बाळ्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात आणि हा शब्द मला कधीच आवडला नाही. दोष मराठीचा नाही. 1911 साली ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ‘ऑटिझम’ हा शब्द काढला तोच ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ या ग्रीक शब्दावरून, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आपण त्याचं इमानदारीत भाषांतर केलं, इतकंच. पण ‘स्वमग्न’ म्हटलं की डोळ्यांपुढे आत्मानंदात बुडालेला कुणीतरी येतो. टॉवेल गुंडाळून तीन-तीनदा ‘पुढील स्टेशन’ विचारणारा मुलगा येत नाही.

बाळ्याचा जन्म 2010 चा. दीड वर्षाचा झाला तरी ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो फुसफुस आवाज येतो, तो ऐकून आतल्या खोलीतून रांगत यायचा. म्हणजे कान ठीक होते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी आपापलं ज्ञान दिलं. मुलगे उशिराच बोलतात. मधात वेखंड उगाळून चाटव. बाबांचे एक काका म्हणे पाच वर्षांनी बोलले आणि मग मरेपर्यंत थांबले नाहीत. एका काकूंनी आईला तोंडावर विचारलं, ‘तू त्याच्याशी बोलतेस ना गं?’

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, हे मला फार नंतर कळलं. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठ्या डॉक्टरांमध्येही होती. ब्रुनो बेटेलहाइमने 1967 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. विज्ञानाने ते केव्हाच मोडीत काढलं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात ते अजून चालू आहे, फक्त ‘आई थंड’च्या जागी आता ‘आई मोबाइलवर’ आलं आहे.

आम्ही सगळे न बोलण्याकडेच बघत होतो. त्याच्या आधीचं जे नव्हतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षाच्या आसपासचं मूल बोट दाखवतं. ‘तो बघ काऊ’ हे वाक्य यायच्या आधी बोट येतं, मग आपल्याकडे बघणं येतं, तूही बघितलंस ना, अशा नजरेनं. बाळ्याने कधीच बोट दाखवलं नाही. त्याला बिस्किटांचा डबा हवा असला की तो माझं मनगट धरून माझा हात डब्यावर नेऊन ठेवायचा, जशी आपण उंचावरची वस्तू काढायला काठी घेतो तशी. मला तर ते गोड वाटायचं. मी त्याचा व्हिडिओही काढला होता.

तिसऱ्या वर्षी निदान झालं. त्याच सुमारास त्याचा एमआरआयही झाला, भूल देऊन. रिपोर्टवर शेवटी लिहिलं होतं, ‘नॉर्मल स्टडी’. बाबांनी तो कागद चार वेळा वाचला. ‘मेंदू नॉर्मल आहे म्हणतायत, मग बोलत का नाही?’ त्यांना कुणीच नीट सांगितलं नाही की ऑटिझमचं निदान एमआरआयवरून होत नसतं, मुलाच्या वागण्याबोलण्यावरून होतं, आणि बहुतेक ऑटिस्टिक मुलांचा साधा एमआरआय असाच स्वच्छ येतो. फरक असतो, पण तो गाठीसारखा किंवा डागासारखा नसतो. तो वाढीच्या वेगात आणि जोडण्यांमध्ये असतो. एकेका फिल्मवर तो दिसत नाही, शेकडो मुलांची सरासरी काढली की दिसू लागतो.

आणि मग तो सल्ला मिळाला. जिथे मिळाला त्या जागेचं नाव लिहीत नाही. सांगणाऱ्या बाई प्रेमळ होत्या आणि त्या काळी बरेच जण तेच सांगत होते. ‘याच्या मेंदूला एक भाषाच जड जातेय, तुम्ही दोन-तीन नका देऊ. शाळा इंग्लिश असेल, थेरपी इंग्लिशमध्ये आहे, तर घरीही इंग्लिशच ठेवा.’

आमच्या घरात तेव्हा पाच माणसं होती. बाबांचं इंग्लिश ऑफिसपुरतं. आईचं मराठी मीडियमच्या दहावीचं. माझं शाळेतलं, ज्याचा मला तेव्हा भयंकर गर्व होता. आणि आजी, राजापूर तालुक्यातली, जिच्या इंग्लिशमध्ये ‘टायम’, ‘लाइट’ आणि ‘बीपी’ एवढे तीन शब्द होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात इंग्लिश सुरू झालं. आई दिवसभर ज्या भाषेत भाजीवाल्याशी भांडायची, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवायची, स्वतःशी पुटपुटायची, ती भाषा बाळ्यासमोर बंद झाली. उरलं काय, तर ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘गिव्ह मी’, ‘नो’. आधी आई त्याला भरवताना काहीबाही बोलायची, भात कसा मऊ झालाय, तूप कुणी पाठवलंय, तो कावळा कसा मेला टपून बसलाय. आता ती हुकूम द्यायची. तिच्याकडे तेवढंच इंग्लिश होतं.

आणि पोलीस मी होते. तेरा वर्षांची, फ्रिजवर नियमांचा कागद चिकटवणारी. आजी त्याला मांडीवर घेऊन चिऊ-काऊची गोष्ट सुरू करायची, की मी दुसऱ्या खोलीतून ओरडायचे, ‘आजी, मराठी नको!’ ती गप्प व्हायची. काही दिवसांनी गोष्ट सांगायच्या ऐवजी ती नुसतं त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग 2014 च्या पावसाळ्याआधी तिने सांगितलं की ती गावी जाते. ‘मला कुठं येतं बाई इंग्लिश. माझ्यामुळं पोराचं नुकसान नको.’ बाबा तिला गाडीत बसवून आले. मला वाटलं, बरं झालं, आता नियम नीट पाळता येतील. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

मेंदूचं मी वाचायला लागले ते कॉलेजात, लोकलमधून येता-जाता. तिथे जे सापडलं त्यातली एक गोष्ट मी अजून मित्रमैत्रिणींना सांगत असते. कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला काही संशोधकांनी लहान मुलांच्या मेंदूचा अभ्यास झोपेत केला. एक-दोन वर्षांचं मूल जागेपणी एमआरआयच्या नळकांड्यात स्वस्थ पडणं शक्यच नाही. म्हणून रात्री आईबाबा मुलाला घेऊन येतात, ते नैसर्गिकरीत्या झोपलं की त्याला मशीनमध्ये ठेवतात आणि कानांवर लावलेल्या हेडफोनमधून गोष्ट ऐकवतात. झोपेतही आपला मेंदू बोलणं ऐकतो. बहुतेक मुलांमध्ये डाव्या कानाच्या वर, टेम्पोरल लोबचा जो पट्टा भाषा ऐकायचं काम करतो, तो झोपेतही उजळतो. 2012 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हा डावा प्रतिसाद क्षीण होता. 2015 च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात एक बारकावा निघाला. ज्या ऑटिस्टिक मुलांची भाषा पुढे बरी फुलली, त्यांच्या मेंदूचा लहानपणीचा प्रतिसाद इतर मुलांसारखाच होता. ज्यांची भाषा मागे राहिली, त्यांच्यात तो जवळजवळ उमटलाच नव्हता. म्हणजे ‘ऑटिस्टिक मेंदू’ असा एकच मेंदू नाही. एकाच नावाखाली निरनिराळ्या वाटा आहेत.

हे वाचलं तेव्हा गाडी दिव्याला उभी होती आणि मला आजीची गोष्ट आठवली. तीही त्याला झोपताना सांगायची.

दुसरा एक प्रयोग 2005 चा, पॅट्रिशिया कूल यांचा. आपण बाळांशी जे लाडे लाडे, सूर लांबवून बोलतो, ते आवाज एकीकडे आणि तसेच चढउतार असलेले पण यंत्राने बनवलेले, बोलणं नसलेले आवाज दुसरीकडे. डोकं वळवून मुलांनी निवड करायची. ऑटिस्टिक मुलांच्या गटाचा कल यंत्राच्या आवाजाकडे होता. कुकरची फुसफुस माझ्या लगेच कानात आली. पुढे 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की अशा मुलांच्या मेंदूत माणसाचा आवाज ओळखणारा भाग आणि ‘हे छान वाटतंय’ असं सांगणारे भाग यांच्यातली जोडणी सैल असते. आपल्याला आईचा आवाज नुसता ऐकू येत नाही, तो आवडतो. तो आवडतो म्हणून आपण त्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, आणि असं हजारो वेळा वळण्यातून भाषा साठत जाते. ते वळणंच कमी झालं, तर साठाही हळू होणार.

पण मग लोकलमधली ती उद्घोषणा करणारी बाई? तिचा आवाज तर बाळ्याला इतका प्रिय होता की ती बोलायला लागली की तो हलायचा थांबायचा. माझा आपला अंदाज असा आहे, शास्त्र नव्हे, की ती बाई कधी थकत नाही, चिडत नाही, वाक्य बदलत नाही आणि तिला चेहरा नाही. ती म्हणते पुढील स्टेशन कळवा, आणि खरोखर कळवा येतं. माणसांची वाक्यं इतकी खरी क्वचितच होतात.

शिवाय ती बाई तेच वाक्य मराठीत सांगते, हिंदीत सांगते, इंग्लिशमध्ये सांगते. बाळ्या तिन्ही म्हणायचा, ओळीने, न चुकता. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. एक भाषा जड जाणारा मुलगा. आम्ही गाडीत त्याच्या शेजारी बसून हे ऐकत होतो आणि घरी येऊन ‘कम, सिट, ईट’ करत होतो.

2016 च्या डिसेंबरात, तो सहा वर्षांचा असताना, एका सकाळी आई गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभी होती. बाळ्या आला, पातेल्यात बघितलं आणि म्हणाला, ‘आलंच हं. कढ येऊ दे.’

हे वाक्य आजीचं होतं. नुसते शब्द नव्हेत, सूरसुद्धा. ‘येऊ’वर जरा लांबवून, शेवटचा ‘दे’ गिळून. सकाळची पेज होईपर्यंत भुकेने किरकिरणाऱ्या नातवाला ती रोज हेच सांगायची. आजीला जाऊन अडीच वर्षं होऊन गेली होती. घरात हे वाक्य दुसरं कुणी कधी म्हणत नसे. आई खाली बसली. दूध अर्थातच उतू गेलं.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं, याला इकोलालिया म्हणतात. कित्येक वर्षं ही बिनकामाची पोपटपंची समजली जायची आणि मुलांची ती सवय मोडायचा प्रयत्न व्हायचा. लिओ कॅनरने 1943 मध्ये ज्या अकरा मुलांचं वर्णन केलं, ज्यावरून आजचा ऑटिझम आपल्याला कळला, त्यांच्यातही ती होती. 1946 च्या लेखात कॅनर एका मुलाबद्दल सांगतो, जो मध्येच, काही संबंध नसताना, कुत्र्याला बाल्कनीतून खाली टाकू नकोस, असं म्हणायचा. तिथे कुत्राही नसायचा आणि बाल्कनीही. शोध घेतल्यावर कळलं की काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा बाल्कनीतून खाली टाकत होता आणि आईने वैतागून त्याला हे म्हटलं होतं. तेव्हापासून काहीतरी फेकायची इच्छा झाली की तो स्वतःलाच असं बजावत होता. अर्थ होता, पण त्याची किल्ली त्या दिवसाकडे होती. पुढे 1981 मध्ये प्रिझंट आणि डचन यांनी अशा मुलांची वाक्यं एकेक तपासून दाखवलं की लगेच म्हटलेल्या प्रतिध्वनीचीही निरनिराळी सात कामं असतात. पाळी घेणं, हो म्हणणं, मागणं, स्वतःला आवरणं वगैरे.

बहुतेक मुलं शब्द गोळा करतात आणि त्यांचं वाक्य बांधतात. बाळ्यासारखी काही मुलं आख्खं वाक्य उचलतात, प्रसंगासकट, वासासकट, आणि मग कधीतरी त्याचे तुकडे करायला शिकतात. मराठीत याची एक वेगळीच गंमत होते. बाळ्या दार उघडलं की म्हणायचा, ‘मी आले!’ स्त्रीलिंगी. कारण दार उघडल्यावर ते वाक्य आई म्हणायची. पाणी हवं असेल तर म्हणायचा, ‘पाणी हवंय का तुला?’ शेजारची मुलं हसायची. मी आधी ‘आले नाही, आलो’ असं त्याला सुधारत बसायचे. नंतर सोडून दिलं. त्याच्या लेखी ‘मी आले’ हे दाराचं नाव होतं, आणि नावाचं लिंग आपण कुठे बदलतो?

‘कढ येऊ दे’नंतर आईने फ्रिजवरचा कागद काढला. बाबांनी गावी फोन लावला, पण आजीला काय सांगायचं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी फोन बाळ्याच्या तोंडाशी धरला. तो काही बोलला नाही. आजी पुढच्या मे महिन्यात आंबे घेऊन आली आणि राहिली.

मॉन्ट्रियलमध्ये 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ऑटिझम असलेली 75 मुलं, काही एकभाषिक घरांतली, काही दोन भाषा ऐकणारी. दोन भाषांमुळे मुलं जास्त मागे पडल्याचं दिसलं नाही. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही तेच येत गेलं. म्हणजे आमच्या फ्रिजवर कागद लागला होता तेव्हा उत्तर छापून झालेलं होतं. ते डोंबिवलीपर्यंत पोचलं नव्हतं. मला त्या बाईंचा राग येत नाही असं म्हणणार नाही. पण त्यांच्यावरचा राग सोपा आहे. कागद माझ्या अक्षरातला होता.

आजी परत आल्यावर बाळ्या धडाधड बोलायला लागला, असं काही झालं नाही. अशा गोष्टी व्हॉट्सॲपवर होतात. 2013 च्या एका अमेरिकी अभ्यासात चार वर्षांपर्यंत फारसं न बोललेली 535 ऑटिस्टिक मुलं होती. आठ वर्षांच्या पुढे बघितलं तेव्हा त्यातली 70 टक्के निदान छोटी वाक्यं बोलत होती आणि 47 टक्के अस्खलित. बाळ्या पहिल्या आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. तो आता दहावीच्या वयाचा आहे. चार-पाच शब्दांची स्वतःची वाक्यं करतो. फार दमला किंवा घाबरला की ती वाक्यं हरवतात, मग टॅबवर चित्रांना बोट लावून सांगतो, आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ नावाच्या ॲपमधून. बोट दाखवायला तो असा शिकला. आणि गर्दीत कुणी अंगाला खेटलं की तो शांतपणे म्हणतो, ‘कृपया अंतरावर लक्ष द्या.’ या वाक्याला मी आजतागायत काही सुधारणा सुचवू शकलेले नाही.

आजी आता ब्याऐंशीची आहे आणि तिला कमी ऐकू येतं. मशीन आणलंय, पण ती ते डबीत ठेवते, खराब होईल म्हणून. ऐकायचं काम बाळ्याकडे आहे. आईने आतून हाक मारली की तो शेजारी बसून ते वाक्य तस्संच, आईच्याच आवाजात, आजीच्या कानाशी म्हणतो. टीव्हीवरचे संवादही सांगतो. डॉक्टरकडेही तोच जातो तिच्याबरोबर. दोघांचं दुपारभर असं चालू असतं आणि कुणालाच घाई नसते.

गेल्या दिवाळीत मी सुट्टीला घरी होते. सकाळी आजी पोहे घेऊन बाळ्याजवळ बसली होती. मी बरेच दिवस ठरवत होते, ते बोलून टाकलं. ‘आजी, मी तुला तेव्हा मराठी बोलू दिलं नाही. मी चुकले.’

आजीने माझ्याकडे बघितलं, हसली आणि कानाला हात लावला. काय म्हणतेयस?

माझ्याच्याने ते पुन्हा म्हणवेना. बाळ्या तिच्याकडे वळला, कानाशी वाकला आणि मोठ्याने, माझ्याच सुरात, ‘चुकले’ला जिथे माझा आवाज फुटला होता तिथे बरोबर आवाज फोडून म्हणाला, ‘आजी, मी तुला तेव्हा मराठी बोलू दिलं नाही. मी चुकले.’

‘तू कशाला चुकतोस रे,’ आजी त्याला म्हणाली. ‘पोहे गार होतायत, खा.’